प्रतवारीत बाद झालेली फळं-भाज्या: काय घ्यायचं, काय टाकायचं, आधी कशाला हात लावायचा?

परसबागी (धागाकर्ता)

आमच्या गटाला एका पॅकहाउसमधून प्रतवारीत बाद झालेला माल दर आठवड्याला मिळणार आहे. एका खेपेला साधारण २०० किलो, क्रेटमध्ये मिसळूनच येईल. त्यात गाजरं, टोमॅटो, सफरचंदं, बटाटे, काकड्या, कोबी, ढोबळी मिरची आणि अधूनमधून पालेभाजी असेल. चांगला माल त्याच दिवशी घरोघरी वाटायचा आणि उरलेल्याचं काहीतरी टिकाऊ करायचं असा बेत आहे. हाताशी एक मोठा फ्रिज, २०० लिटरचा एक डीप फ्रीझर, दोन शेगड्या आणि सहा माणसं आहेत.

प्रश्न असे:

१. निवडताना नेमकं काय बघायचं? नुसतं वेडंवाकडं काय आणि खरोखर खराब काय, हे पटकन कसं ओळखायचं?
२. कोणते डाग कापून टाकले की चालतं आणि कोणत्या वेळी अख्खं फळ टाकायचं?
३. टिकवण्यासाठी कशाचं काय करायचं? प्रमाणं आणि वेळा मिळाल्या तर उत्तम.

"सगळं चालतं हो, आत चांगलंच असतं" छापाची उत्तरं पुष्कळ वाचली आहेत, त्यामुळे नेमकी माहिती हवी आहे.

---

प्रतवारी

निवडण्याच्या आधी पॅकहाउसला एक विचारा: माल बाद का केला? आकार, रंग, वजन किंवा सालीवरचे डाग यांमुळे बाद झालेला माल बिनधास्त घ्या. पण त्याच ढिगात कधीकधी वेगळ्याच कारणाने अडवलेला मालही सरकवला जातो. फवारणी आणि काढणी यांमध्ये ठरलेले दिवस न सोडता काढलेला, शीतगृह बंद पडल्यामुळे तापलेला, पुराचं पाणी लागलेला. असा माल दिसायला देखणा असला तरी घ्यायचा नाही. आत शिरलेलं औषध धुवून जात नाही, आणि पुराच्या पाण्यात काय काय होतं हे फळाकडे बघून कळत नाही. नुसत्या तोंडी उत्तरावर राहू नका, प्रत्येक क्रेटवर कारणाची चिठ्ठी मागा.

आता निवडीबद्दल. वेडंवाकडं आणि जखमी यात गल्लत झाली की सगळं गणित चुकतं. दोन पाय फुटलेलं गाजर हे बहुतेक वेळा खाली दगड लागल्याने, जमीन घट्ट असल्याने किंवा ताजं शेणखत पडल्याने होतं. काकडी वाकते ती परागीभवन अर्धवट झालं किंवा वाढताना पाण्याची ओढ बसली म्हणून. सफरचंदावरचा खडबडीत तपकिरी थर, गारांचे भरून आलेले व्रण, टोमॅटोच्या बुडाशी खपली धरलेल्या सुरकुत्या (कळी धरताना थंडी पडली की होतात), गाजराचे हिरवे खांदे यांपैकी कशानेही टिकाऊपणा विशेष कमी होत नाही, कारण साल बंद आहे. हा माल पहिल्या प्रतीच्या मालासारखाच ठेवायचा आणि वाटायचा.

साल उघडी असेल तर मात्र घड्याळ सुरू झालेलं असतं. जखमेपाशी फळाचा श्वसनाचा वेग वाढतो, इथिलीन (फळ पिकवणारा वायू) जास्त सुटतं, रस बाहेर येतो आणि त्यावर बुरशी बसते. म्हणून प्रत्येक नगाला एकच प्रश्न विचारायचा: साल अखंड आहे का? "दिसतं कसं" हा प्रश्न निवडणाऱ्यांच्या डोक्यातून काढूनच टाका. पहिल्या अर्ध्या तासात लोक हमखास वाकडं ते एका बाजूला, सरळ ते दुसऱ्या बाजूला लावायला लागतात आणि देखण्या पण मार बसलेल्या टोमॅटोंचा क्रेट वाटपात जातो.

टोमॅटोच्या भेगा जरा जवळून बघा, कारण तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात. देठाभोवती गोल गोल कडी असतात, त्या भेगा बहुधा झाडावरच भरून आलेल्या असतात. नख फिरवलं तर कोरडी, बुचासारखी खरखर लागते. हे अखंड धरा. देठापासून खाली उभी गेलेली भेग वेगळी. तिच्या कडा दाबल्यावर उघडतात आणि आत ओलसर लाल गर दिसतो. हा त्याच दिवशी शिजवायचा माल. भेगेत पांढरा किंवा काळा मऊसर केस दिसला, किंवा आंबूस वास आला, तर अख्खा टोमॅटो बाद.

काम असं लावा. तीन क्रेट: अखंड, उघडी जखम, बाद. आधी पालेभाजी आणि टोमॅटो, मग काकडी-मिरची, मग सफरचंदं, आणि गाजर-कोबी-बटाटे शेवटी. एका माणसाने एकच पीक निवडायचं, म्हणजे हाताला सवय होते. प्रत्येक नग उलटून देठाकडची आणि बुडाची बाजू बघायची, अंगठ्याने हलकं दाबायचं. निवडण्याआधी काहीही धुवायचं नाही. ओल्या सालीवर जखम दिसत नाही, आणि ओला माल क्रेटमध्ये लवकर सडतो.

अवांतर: हे "वाकडं" ठरवणारे नियम निसर्गाने केलेले नाहीत. युरोपीय संघात वरच्या दोन प्रतींच्या काकडीला १० सेंटिमीटर लांबीमागे १० मिलिमीटरपेक्षा जास्त बाक चालत नसे. काकडीसह २६ फळं-भाज्यांची अशी खास मानकं १ जुलै २००९ पासून रद्द झाली. तरी खोक्यात सरळ काकड्या जास्त बसतात, त्यामुळे खरेदीदार आपापल्या अटी लावतातच.

---

सालपट

प्रतवारींना +१. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण इथे "कापून टाका" हा सल्ला सरसकट दिला जातो आणि तो सरसकट बरोबर नाही.

बुरशी: मऊ आणि पाणीदार फळांत (टोमॅटो, काकडी, पीच, स्ट्रॉबेरी) तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा बरेच आत गेलेले असतात. अख्खं टाकायचं. घट्ट भाज्यांत (गाजर, कोबी, ढोबळी मिरची) ते हळू पसरतात, म्हणून डागाच्या सगळ्या बाजूंनी आणि खालीही किमान अडीच सेंटिमीटर कापून उरलेलं वापरता येतं. सुरी बुरशीतून फिरवू नका, नाहीतर तीच चांगल्या भागाला लागते. गाजर बारीक असेल आणि अडीच सेंटिमीटर सोडून हातात काही उरत नसेल, तर सरळ टाका. दोन इंचांच्या तुकड्यासाठी एवढी मेहनत नको.

सफरचंद: मार लागून तपकिरी झालेला गर आणि सडलेला गर वेगळे. मार लागलेला भाग कोरडा, थोडा स्पंजासारखा आणि बिनवासाचा असतो. तो कापून उरलेलं फळ खुशाल वापरा. सडका भाग मऊ आणि पाणचट असतो, त्याची कड स्पष्ट दिसते, वर बहुतेकदा निळसर-हिरवी बुरशी असते. त्या बुरशीपासून पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं आणि ते उकळून भरवशाने नष्ट होत नाही. सफरचंदाच्या रसात किलोमागे ५० मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा अनेक ठिकाणी कायद्याने घालून दिली आहे. रस आणि सॉससाठी "थोडी सडकी असली तरी चालतील" हे म्हणणं म्हणूनच उलटं आहे. एका रसाच्या पातेल्यात पुष्कळ फळं जातात आणि कोणतं सडकं होतं हे नंतर सापडत नाही. अळीचं भोक असेल तर फळ उभं कापून गाभा बघा. भोक बाहेरून टाचणीएवढं दिसतं आणि आत बियांभोवती काळं झालेलं असतं.

बटाटा: हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी, पण तो दिसतो तिथे सोलानिनसारखी विषारी द्रव्यंही वाढलेली असण्याची शक्यता असते. उकडून, तळून ती जात नाहीत. सालीखाली पातळ हिरवा थर असेल तर जाड सोलून काढा, कोंबाचे डोळे खोलवर कोरून काढा. हिरवेपणा आत गेलेला, बटाटा सुरकुतलेला आणि कोंब लांब आलेले असतील तर टाकून द्या. शिजवल्यावर कडू लागला किंवा घशाशी जळजळ झाली तर तो घाणा कोणालाही द्यायचा नाही. उलट, कापल्यावर मधोमध पोकळी दिसली तर घाबरू नका. ती जलद वाढीची खूण आहे. पोकळीच्या कडा तपकिरी असतील तर तेवढ्या खरवडा.

काकडी, दुधी, झुकिनी: कडू लागली की टाका, एवढाच नियम. वाढताना ताण बसलेल्या वेलींवर क्युकरबिटासिन हे कडू, विषारी द्रव्य वाढू शकतं. त्याने उलट्या-जुलाब होतात आणि शिजवून ते जात नाही. वाकडी काकडी कडू असतेच असं नाही, पण ताण बसलेल्या वेलीचा माल तुमच्याकडे जास्त येणार. प्रत्येक काकडीची देठाकडची चकती जिभेला लावून बघा आणि थुंका. रस किंवा सूप करण्याआधी तर हे हवंच.

रताळी आली तर: बुरशीचा किंवा काळा कडू डाग असलेलं रताळं अख्खं टाका. डागापासून दूरच्या भागातही विषारी द्रव्य असू शकतं.

---

परसबागी

हे फार उपयोगी आहे. टोमॅटोचं बूड काळं, चामड्यासारखं झालेलं असतं, त्याचं काय? आणि लिबलिबीत झालेली गाजरं, माना टाकलेला पाला हे "बाद" मध्ये टाकायचं का?

---

थंडगार

काळं बूड हा रोग नाही. फळापर्यंत कॅल्शियम पोचलं नाही की तसं होतं, बहुतेकदा पाणी अनियमित दिल्याने. काळा भाग कोरडा असेल तर दोन बोटं वर कापा आणि उरलेला टोमॅटो लगेच शिजवा. त्यावर बुरशी चढली असेल तर सालपट यांचा नियम. बरणीत भरून महिनोन्महिने ठेवायच्या टोमॅटोत मात्र हे घालू नका.

लिबलिबीत आणि बुळबुळीत यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाजर नुसतं वाकत असेल तर पेशींतलं पाणी उडालं आहे, बाकी काही नाही. टोकं कापून बर्फाच्या पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, अर्ध्या तासापासून काही तासांत पुन्हा कडक होतं. पालेभाजीला १५ ते ३० मिनिटं पुरतात, मात्र देठाचं टोक ताजं कापायला हवं आणि नंतर पाला पूर्ण कोरडा करायला हवा. हाताला चिकट लागलं किंवा वास आला तर ते जिवाणूंचं काम आहे, पाण्याने परत येत नाही.

साठवणीत तीन गोष्टी सांभाळा.

पहिली, इथिलीन. सफरचंद, पिकलेलं केळं आणि टोमॅटो हे वायू सोडणारे. पालेभाजी, ब्रोकोली, काकडी आणि गाजर हे त्याने बिघडणारे. पाला पिवळा पडतो, गाजर कडवट होतं. तुमच्याकडे एकच फ्रिज आहे, तेव्हा सफरचंदं त्याच्या बाहेर गार जागी ठेवा, किंवा बाकीचा माल आधी वाटून टाका. जखमी सफरचंद जास्त इथिलीन सोडतं, त्यामुळे ते साठवायचंच नाही.

दुसरी, प्रत्येकाला चालणारा गारवा. केळं १३ अंश सेल्सिअसच्या खाली काळं पडतं, टोमॅटोची चव आणि पोत साधारण १२ अंशांखाली बिघडतात, काकडीलाही १० अंशांखाली काही दिवसांत पाणचट खड्डे पडतात. बटाटे फ्रिजमध्ये ठेवले की त्यांतल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना ते काळपट होतात. फ्रिजची जागा गाजर, कोबी, पालेभाजी आणि कापलेल्या मालाला द्या.

तिसरी, धुणं. वापरायच्या वेळीच धुवा, वाहत्या पाण्याखाली, साबण नको. टोमॅटो आणि सफरचंदांची टबात बुडवाबुडवी टाळा. कोमट फळ गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या खाचेतून पाणी आत ओढलं जातं, त्यासोबत पाण्यातले जंतूही. टब वापरायचाच असेल तर पाणी फळापेक्षा ५-६ अंशांनी गरम ठेवा आणि गढूळ होताच बदला.

कापलेला माल दोन तासांच्या आत ५ अंशांखाली गेला पाहिजे. यात सवलत नाही. कापलेला टोमॅटो आणि कापलेलं खरबूज या बाबतीत फार नाजूक.

---

झटपट

एवढं कशाला? जखमी सगळं एकत्र शिजवा, मिक्सरमधून काढा, सूप म्हणून फ्रीझरमध्ये टाका. आणि गाजर, फरसबी वगैरे टोमॅटोसारखी बरण्यांत भरून उकळत्या पाण्यात ठेवली की वर्षभर निवांत.

---

बरणी

@झटपट, दुसरं वाक्य कृपया कोणी अमलात आणू नका. उकळत्या पाण्याचं तापमान १०० अंश. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू त्यात तासन् तास टिकतात आणि बंद बरणीत, हवा नसलेल्या, कमी आंबट जागी विष तयार करतात. सीमारेषा ४.६ पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट). गाजर, फरसबी, मका, बटाटा हे सगळे तिच्या वर. त्यांना खास प्रेशर कॅनर लागतो, साधारण ११६ अंशांचा. घरचा साधा कुकर त्याची जागा घेत नाही. तो नसेल तर या भाज्या गोठवा, वाळवा किंवा व्हिनेगरमध्ये घाला.

टोमॅटो सीमेवरच बसतो, साधारण ४.३ ते ४.९. जास्त पिकलेला किंवा सुकून गेलेल्या वेलीवरून काढलेला कमी आंबट असतो, म्हणजे नेमका तुमच्याकडे येणारा. म्हणून बरणी कितीही लहान असो, आम्ल वरून घालायचंच: अर्ध्या लिटरला पाव छोटा चमचा सायट्रिक ॲसिड किंवा एक मोठा चमचा बाटलीतला लिंबाचा रस, लिटरला दुप्पट. ताज्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो, म्हणून बाटलीतला. टोमॅटो ठेचून उकळायचे, गरम असतानाच वर दीड सेंटिमीटर जागा सोडून भरायचे. पाणी बरण्यांच्या वर अडीच सेंटिमीटर असलं पाहिजे. पुन्हा उकळी आल्यापासून अर्ध्या लिटरच्या बरणीला ३५ मिनिटं, लिटरच्या बरणीला ४५. हे समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपर्यंत. ३०० ते ९०० मीटरला ५ मिनिटं वाढवा, ९०० ते १८०० ला १०, त्याहून वर १५. हे साध्या ठेचलेल्या टोमॅटोचं झालं. यात कांदा, मिरची, लसूण स्वतःच्या अंदाजाने घातलं की आंबटपणा बदलतो आणि या वेळा लागू पडत नाहीत.

आता सूप. कल्पना वाईट नाही, पण दोन ठिकाणी फसते. कोबी-फ्लॉवर जास्त वेळ शिजले की गंधकाचा वास सगळ्या पातेल्याला लागतो, त्यांना वेगळं ठेवा. आणि २० लिटरचं पातेलं झाकून तसंच ठेवलं तर मध्यभाग रात्रभर कोमट राहतो. दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरलं पाहिजे. त्यासाठी उथळ ट्रेमध्ये ५ सेंटिमीटरपेक्षा जाड थर न देता ओता, ट्रे बर्फाच्या पाण्यावर ठेवा, ढवळत राहा. गरम पातेलं थेट फ्रीझरमध्ये ठेवलंत तर शेजारचा गोठलेला माल सुटायला (वितळायला) लागतो.

@परसबागी, तुमची खरी अडचण फ्रीझर आहे. २४ तासांत पूर्ण गोठेल एवढाच नवा माल त्यात घालायचा, म्हणजे दर २८ लिटर जागेला एक ते सव्वा किलो. २०० लिटरमध्ये दिवसाला ७ ते ९ किलो. एकदम ४० किलो कोंबलेत तर मधल्या पिशव्या सावकाश गोठतात, बर्फाचे मोठे स्फटिक पेशी फोडतात आणि सुटल्यावर लगदा हातात येतो. तेव्हा २०० किलोंपैकी जखमी माल ५०-६० किलोंच्या वर जायला लागला तर पॅकहाउसला कमी माल पाठवायला सांगा. दोन दिवसांत हातावेगळा होणार नाही तेवढा माल घेणं म्हणजे दुसऱ्याचा कचरा आपल्या दारात आणणं, माझं तरी स्पष्ट मत आहे.

गोठवताना ब्लांच (थोडा वेळ उकळत्या पाण्यात घालून लगेच गार) का करायचं: गोठवून विकरं (एन्झाइम) थांबत नाहीत, फक्त मंदावतात. तसंच ठेवलं तर दोन-तीन महिन्यांत रंग जातो आणि गवतासारखी चव येते. अर्धा किलो भाजीला ४ लिटर खळखळतं पाणी घ्या. भाजी टाकल्यावर एका मिनिटाच्या आत पुन्हा उकळी आली नाही तर घाणा मोठा झाला असं समजा. वेळ उकळी परत आल्यापासून मोजा: गाजराच्या चकत्या किंवा फोडी २ मिनिटं, फरसबी ३, फ्लॉवर आणि ब्रोकोलीचे तुरे ३, पालक २, चिरलेला कोबी दीड, मटार दीड. लगेच बर्फाच्या पाण्यात तेवढाच वेळ, मग कापडावर कोरडं करून ट्रेवर एकेरी थरात गोठवून पिशवीत भरा. ढोबळी मिरचीला आणि कांद्याला ब्लांच लागत नाही, चिरून थेट. वेळ कमी पडला तर विकरं उलट जास्त चेकाळतात, म्हणून अर्धवट ब्लांच करण्यापेक्षा न केलेलं बरं.

उभ्या भेगेचे टोमॅटो हातात खूप आले आणि शेगडी मोकळी नसेल तर भेग कापून अख्खे गोठवा. सुटताना साल हाताने निघून येते.

---

मोजमाप

जॅमबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. एक किलो साफ केलेल्या फळाला ७५० ग्रॅम ते एक किलो साखर आणि ३० मिली लिंबाचा रस. समुद्रसपाटीला १०४-१०५ अंशांवर तयार होतो. उंच जागी आधी तिथल्या पाण्याची उकळी थर्मामीटरने बघा आणि तिच्यावर साडेचार अंश धरा.

बाद मालाचा जॅम पातळ राहतो याचं कारण बहुधा जास्त पिकलेलं फळ. पिकताना पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला घटक, तुटत जातं. पाव हिस्सा किंचित कच्चं फळ घाला, किंवा सफरचंदाचे गाभे आणि साली (सडक्या नव्हेत) फडक्यात बांधून सोबत उकळा. दुसरं कारण मोठा घाणा. एका वेळी दोन किलोंपेक्षा जास्त फळ घेतलं तर पाणी आटायला वेळ लागतो आणि तेवढ्यात उरलंसुरलं पेक्टिनही जातं. साखर निम्म्यावर आणली तर तो फ्रिजचा जॅम झाला, कपाटातला नव्हे.

कापलेली सफरचंदं वाट बघत काळी पडतात. चार लिटर पाण्यात ३ ग्रॅम ॲस्कॉर्बिक ॲसिड घालून त्यात ठेवा. वाळवायची असतील तर ५-६ मिलिमीटरच्या सारख्या चकत्या, ५५ ते ६० अंश. घाईने जास्त उष्णता दिली तर बाहेरचा थर आधी कडक होतो, आतलं पाणी अडकतं आणि दोन आठवड्यांत डब्यात बुरशी येते. वाळलेले तुकडे लगेच घट्ट भरू नका. काचेच्या बरणीत दोन तृतीयांश सैल भरून ७ ते १० दिवस रोज हलवा. काचेला आतून वाफ धरली की पुन्हा वाळवा.

आणखी एक, छाटणीचा हिशेब ठेवा. नवीन प्रकारचा माल आला की १० किलो मोजून साफ करा आणि काय उरतं ते पुन्हा मोजा. सहा किलोंच्या खाली उरत असेल तर तो माल माणसांच्या वेळेला परवडत नाही, जनावरांना किंवा खताला द्या. खतासाठी ओल्या भाजीच्या एका मापाला कोरड्या पाल्याची दोन-तीन मापं, नाहीतर खड्डा आंबून वास मारतो.

वाटपाबद्दल: संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये दुकानं, हॉटेलं आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं ६० टक्के घरांत. चौघांच्या घरी पाच किलो तडकलेले टोमॅटो दिलेत तर त्यातले बरेच तिथल्या बादलीत जाणार. अखंड माल वाटा, जखमी स्वतः शिजवा. नाइलाजाने द्यायचाच असेल तर एक किलोच्या पुडीवर "आजच शिजवा" असं ठळक लिहा.

---

परसबागी

सगळ्यांचे आभार. पॅकहाउसला चिठ्ठ्यांचं आणि मालाच्या मर्यादेचं कळवतो. शेवटचं एक: कोबी आणि काकड्या मिठाच्या पाण्यात आंबवायचा विचार आहे, त्याने फ्रीझरवरचा भारही कमी होईल. पण काकड्या मऊ पडतात असं ऐकतो, ते कशाने?

---

बरणी

कोबी सोपा. बाहेरची डागी पानं काढून बारीक चिरा, तराजूवर मोजा, किलोला २० ते २५ ग्रॅम मीठ चोळा, स्वतःचं पाणी सुटेपर्यंत दाबा. कोबी पाण्याखाली राहिलाच पाहिजे, वर वजन ठेवा. १८ ते २२ अंशांत तीन-चार आठवडे. वर सपाट पांढरी साय आली तर ती काढून टाका. केसाळ रंगीत बुरशी किंवा गुलाबी छटा आली तर सगळं फेका. मीठ चमच्याने मोजू नका. जाड आणि बारीक मिठाच्या एकाच चमच्याच्या वजनात बराच फरक पडतो.

काकडी मऊ पडते ती बहुतेक वेळा फुलाच्या टोकामुळे. तिथे साल-गर विरघळवणारी विकरं साठलेली असतात. देठाचं नव्हे, दुसरं टोक बघा. तिथे सुकलेल्या फुलाचा ठिपका असतो. तिथली दोन मिलिमीटरची चकती प्रत्येक काकडीची कापायची. वाकड्या काकडीत ते टोक फुगीर किंवा आत वळलेलं असतं आणि हमखास सुटतं. राहिलेली कारणं म्हणजे २४ अंशांच्या वरची जागा, कमी मीठ, आणि काढून दोन-तीन दिवस झालेला माल. काकड्या ज्या दिवशी येतील त्याच दिवशी बरणीत गेल्या पाहिजेत. उघडी जखम असलेली काकडी आंबवायला घेऊच नका, तिची कोशिंबीर करून त्याच दिवशी संपवा.